यंत्राच्या पाठीमागची जनकाबाई

जनकाबाई आमच्या घरी पहिल्यांदा आली ती डोक्यावर वाळ्याचा भारा आणि कडेवर नात घेऊन. भारा तिनं अंगणात टाकला. नात मात्र खाली ठेवली नाही.

"जनके, ठेव की पोरगी खाली," माझे सासरे व्यंकटराव ओट्यावरून म्हणाले. "एका हातानं ताटी बांधणार हायेस काय?"

"जमीन भाजती, मालक. आधी जागा दावा."

मग ती आमच्या मागच्या पडवीत शिरली आणि तळहातानं फरशी चाचपत फिरली. माजघराच्या भिंतीला लागून, कोपऱ्यात, एक फरशी तिला पसंत पडली. तिथं तिनं लुगड्याचं फडकं ओलं करून अंथरलं आणि त्यावर नातीला बसवलं. "इसाखा, हितून हलायचं न्हाई," असं तिला बजावलं आणि मगच कामट्या मोजायला बसली.

पोरीचं नाव विशाखा. जेमतेम तीन वर्षांची. केस विरळ, पुढचे दोनच दात, तेही सुळ्यासारखे टोकदार. अंगाला हात लावला तर कातडी कागदासारखी कोरडी आणि गरम. मला वाटलं ताप आहे. मी म्हटलं, "अहो, हिला दवाखान्यात न्या."

"दवाखाने झाले वैनी. परभणीच्या डागदरानं सांगितलं, हिला घामच येत न्हाई. जन्मापासून. अंगातली आग भाईर पडायला वाटच न्हाई. सावलीत ठिवा, गारव्यात ठिवा, म्हन्ला. औषध न्हाई."

त्या दिवसापासून मला जनकाबाईचं सगळं वागणं कळायला लागलं. ती शिरड शहापूरच्या बौद्ध वस्तीतली. नवरा संतराम लाकडाच्या लॉरीवर होता, लॉरी उलटली त्यात गेला. मुलगी पहिल्याच बाळंतपणात गेली. जावयानं दुसरं लग्न केलं आणि पहिला उन्हाळा लागताच हे सारखं तापणारं पोर आजीच्या ओटीत आणून टाकलं. तेव्हापासून बाई कामं निवडायची ती पोरीला गारवा मिळेल अशीच. कुरुंद्याला हळद शिजवायला बायका जातात, मजुरी बरी मिळते. ही गेली नाही, कारण तिथं चुलाण पेटलेलं. कापूस वेचायला थंडीत जायची, होळी झाली की बंद. आणि उन्हाळ्यात कयाधूच्या काठचा वाळा खणून आणायचा, मोठ्या घरांच्या ताट्या बांधायच्या आणि दिवसभर त्यांच्यावर पाणी मारत राहायचं. पाणी मारणारी बाई उन्हात उभी असते, पण ताटीच्या आतल्या अंगाला पडवी गार असते. त्या पडवीत पोर बसू शकतं. एवढ्यासाठी ती हे काम करायची. दुसऱ्या बायका तिला हसायच्या, "जनके, दिसभर भिंतीला पानी पाजती, भिंत काय दूध देनार हाय?" ती म्हणायची, "देती. तुमास्नी दिसत न्हाई."

तिची ताटी बघण्यासारखी असायची. बाजारातल्या ताटीत वाळा कोंबलेला असतो, वारा आत येतच नाही. नुसता ओला वास येतो आणि वाटतं गार झालं. जनकाबाई वाळा विरळ पसरायची, मुळं आडवी-उभी, आणि सुतळीनं कामटीला आवळायची. पश्चिमेचा वारा पडवीच्या तिन्ही कमानींतून त्या ताट्यांत शिरायचा, पडवीत गार होऊन उतरायचा, तिथून माजघराच्या खिडक्यांतून आत यायचा आणि पुढच्या दारानं निघून जायचा. पुढचं दार कुणी लावलं की ती मागून ओरडायची, "काहून लावलं दार? वाऱ्याला जायला वाट न्हाई तर तो येईल कशाला?"

एक गोष्ट इथंच लिहून टाकते. आमच्या घरात जनकाबाईच्या हातचं पाणी पीत नसत. तिनं मागच्या हौदातलं पाणी घ्यायचं, आडाच्या दोराला हात लावायचा नाही. तिची नात पडवीत बसे, माजघराचा उंबरा ओलांडत नसे. पण तिनं मारलेल्या पाण्यातून आलेली हवा दुपारभर आम्ही सगळे छातीत भरून घेत होतो. मामंजी तर त्या हवेत घोरत. मला एकदा राहवलं नाही आणि मी हे जनकाबाईला बोलून दाखवलं. ती डब्यानं पाणी फेकता फेकता हसली. म्हणाली, "हवेला इचारा, तिनं आंघोळ केली का."

असे दोन उन्हाळे गेले. विशाखा पडवीत वाढत होती. आजीनं तिला ओल्या वाळ्याची टोपरी करून दिली होती. ती डोक्यावर घालून ती गजाआडून माझ्या मुलाशी, अवीशी खेळायची. अवी आत, ती बाहेर. दोघांच्यामध्ये खिडकीत चिंचोके.

तिसऱ्या वर्षी अवीच्या अंगावर घामोळ्यांचे फोड झाले. एक फोड पिकला, ताप भरला, आणि मी घाबरले. मी घाबरट आहे, हे घरात सर्वांना माहीत आहे. पोरगं झोपलं की मी त्याच्या नाकापाशी बोट धरून बघते. मामंजींनी माझा चेहरा पाहिला आणि म्हणाले, "रडू नका, सूनबाई. नातवासाठी गारव्याची मशीन आणतो. नांदेडच्या आमच्या साडूनं आणलीच हाय, आपण काय कमी हाय का त्याच्याहून?"

खरं कारण नातवाचं होतं की साडूचं, ते मी विचारलं नाही. मला यंत्र हवंच होतं.

हैदराबादहून दोन पत्रकं आली, दोन निरनिराळ्या यंत्रांची, इंग्रजीत. मी औरंगाबादला फिजिक्स घेऊन बी. एस्सी. झालेली. लग्नानंतर त्या पदवीचा घराला झालेला पहिला उपयोग हा. मामंजी झोपाळ्यावर बसले, मी खाली सतरंजीवर, आणि जनकाबाई मागे पडवीत नवीन ताटीच्या कामट्या तासत होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

"वाचा," मामंजी म्हणाले. "कोणती जबर हाय?"

"दोन्ही दीड टनाच्या आहेत."

"एवढं वजन? भिंत धरील का?"

"वजन नाही मामंजी, गारव्याचं माप आहे ते. खोलीतली उष्णता तासाला किती उपसून बाहेर टाकते, त्याचा हा आकडा. दोघींचा सारखाच, अठरा हजार."

"मग फरक कशात?"

"खुराकात. ही बावीसशे वॅट वीज खाते. ही अठ्ठावीसशे."

"झालं तर मग. अठ्ठावीसशेवाली घ्या. जास्त खाती म्हणजे जास्त ओढणार."

मी म्हटलं, "तसं नाही. दोन बैल आहेत असं समजा. दोघेही तेवढीच गाडी, तेवढ्याच वेळात ओढतात. एक कमी खातो, एक जास्त. कोणता घ्याल?"

त्यांनी मिशीवर बोट फिरवलं. बैलांतलं त्यांना कळत होतं. "कमी खाणारा. पण असा बैल असतोय व्हय? जो कमी खातो तो चैतात बसतो. लिहिणाराला काय, कागदावर कायबी लिहील."

"कागद दोन्हींचा सारखाच आहे. मग त्या जास्त खाणारीचा कागद तरी खरा कशावरून?"

"वा! वकील व्हायला पाहिजे होतं तुमी."

मी पेन्सिलनं भागाकार करून दाखवला. अठरा हजारांना बावीसशेनं भागलं की आठ. अठ्ठावीसशेनं भागलं की साडेसहासुद्धा नाहीत. एका वॅटमागं हातात किती गारवा पडतो ते हे. हा आकडा पत्रकात कुठंच छापलेला नव्हता. दोन आकडे दोन पानांवर होते, आणि ते एकमेकांशेजारी आणून भागायचे असतात हे छापणाऱ्यानं सांगितलं नव्हतं. छापलं होतं ते मोठ्या अक्षरांत वॅट, जणू काय पैलवानाचं वजन.

"अन् मग हे सहाशे वॅट जास्तीचे जातात कुठं?" मामंजींनी विचारलं. प्रश्न चांगला होता.

"मागून बाहेर पडतात."

"शेण!" ते मोठ्यांदा हसले. मागं जनकाबाईच्या कोयत्याचा आवाज थांबला.

"शेण नव्हे, मामंजी, धग. खोलीतून उपसलेली उष्णता आणि यंत्रानं खाल्लेली वीज, दोन्ही मिळून पाठीमागून बाहेर येते. जितकं जास्त खाईल तितकी मागं जास्त आग."

"पडू द्या की. मागं कोण बसलंय?"

मी पडवीच्या खिडकीकडे पाहिलं. त्यांनी पाहिलं नाही.

यंत्र कोणतं घ्यायचं हे तिथंच ठरलं. साडूचं पंचवीसशेचं होतं, म्हणून आमचं अठ्ठावीसशेचं. मी अजून एक खटपट केली. म्हटलं, निदान ते रस्त्याच्या भिंतीत बसवा, धग रस्त्यावर जाईल. तर मामंजी चिडलेच. आमच्याकडे दर्शनी भिंतीला नवं भोक पडलं की गावाला एकच अर्थ कळतो: घर वाटलं गेलं, भावानं वेगळं दार पाडलं. मामंजींचे धाकटे भाऊ वसमतला असतात आणि दोघांत बांधावरून आधीच बोलणं बंद. "लोकांच्या तोंडाला आयतं खाद्य देऊ व्हय? दर्शनी भिंतीला हात लागणार न्हाई." यंत्र माजघर आणि पडवी यांच्यामधल्या भिंतीत बसलं. तोंड माजघरात, पाठ पडवीत. विशाखाच्या फरशीच्या बरोबर वर. आणि एवढी महागाची वस्तू चोरांना उघडी नको म्हणून पडवीच्या तिन्ही कमानींना पत्रे ठोकले.

जनकाबाईला सांगण्यात आलं, यंदा ताटी नको.

ती नव्या ताटीकडे बघत उभी राहिली. अर्धी झाली होती. म्हणाली, "बरं. पण मालक, लेकराला तेवढं पडवीत बसू द्या. मी शेजारी वकीलसाहेबाच्या घरी ताटीला पानी मारती, तिथं पडवीच न्हाई. तुमच्या हितं बसली तर मला हाकेवर ऱ्हाईल."

"बसू दे की," मामंजी म्हणाले. ते खरोखर प्रसन्न होते. "मी कुठं न्हाई म्हणून राहिलो? आता तर मशीन आली. भिंतीतून गारवा झिरपंल तेवढा तिला फुकट."

हे त्यांनी कुचेष्टेनं म्हटलं नाही, त्यांना तसंच वाटत होतं. भागाकार ऐकूनही वाटत होतं. हे बोलणं मला मागाहून कळलं; ते झालं आणि यंत्र पहिल्यांदा चाललं त्या दिवशी मी माहेरच्या एका कार्याला परभणीला गेले होते, दुपारच्या गाडीनं परतले. घरात आले तर माजघराचं दार लावलेलं, आत यंत्राचा घरघराट, गार अंधार, आणि अवी चादर ओढून झोपलेला. त्या घरात मे महिन्यात कुणी चादर ओढलेली मी प्रथमच बघत होते. त्याच्या कपाळाला हात लावला. कोरडं आणि थंड. मला इतकं बरं वाटलं की मी तिथंच भिंतीला टेकून बसले.

भिंत पाठीला गरम लागली.

मागच्या दारानं पडवीत गेले. पत्र्यांमुळं तिथं अंधार होता. बाहेरून बघणाराला वाटावं, काय गार सावली आहे. विशाखा आपल्या नेहमीच्या फरशीवर, भिंतीला अगदी चिकटून, सकाळी भिजवून अंथरलेल्या फडक्यावर बसलेली होती. फडकं वाळून कडक झालं होतं. यंत्राच्या पाठीतून भट्टीच्या तोंडासारखा वारा येत होता आणि पत्र्यांवर आपटून तिथंच फिरत होता. पोर रडत नव्हती. डोळे अर्धे उघडे, ओठ फुटलेले. आजीनं "हलायचं न्हाई" म्हणून सांगितलेलं, म्हणून हलली नव्हती.

मी तिला उचलून हौदाकडे धावले आणि फ्रॉकासकट पाण्यात बसवलं. शेजारच्या आवारातून जनकाबाई डबा हातात घेऊनच आली. पोरीच्या छातीला हात लावून बसली. पुष्कळ वेळानं पोर म्हणाली, "आजी, मशीन फू करती."

"व्हय माय," जनकाबाई म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "वैनी, गारव्याची मशीन म्हन्तात ना हिला? मीच बसवली की पोर हिच्याजवळ. गार लागंल म्हणून आणखी जवळ सरकवली."

शास्त्र सांगायची ती वेळ नव्हती, आणि सांगायची वेळ होती तेव्हा तिला कुणी बोलावलं नव्हतं.

यंत्रही तिथं टिकेना. आमच्या भागात दुपारी लाइटचा दाब उतरतो. ते घरघर करी, दिवे मंद होत, आणि ऐन उन्हात ते बंद पडे. नांदेडहून उत्तमसिंग नावाचा मिस्त्री आला. त्यानं पत्र्यांकडे पाहून कपाळावर हात मारला. "सेठजी, ये क्या किया? इसकी साँस बंद कर दी. अपनी ही गरम हवा खा रहा है. इसकी पीठ ठंडी रखो."

"पीठ ठंडी रखो म्हणजे?"

"हवा आने दो. वाळे की ताटी बांधो पीछे, पानी मारो. पीठ ठंडी, तो अंदर ज़्यादा ठंडा. बिजली भी कम खायेगा."

अशा रीतीनं जनकाबाईला परत बोलावणं गेलं. पत्रे निघाले, अर्धी राहिलेली ताटी पुरी झाली आणि यंत्राच्या पाठीसमोरच्या कमानीत लागली. पूर्वी जी ताटी पोरीसाठी पडवी गार करायची ती आता यंत्रासाठी. ताटीतून आलेला वारा यंत्र ओढून घेई आणि तापवून पडवीत फेकून देई. मामंजी पाहुण्यांना मागं नेऊन दाखवत. "अठ्ठावीसशे वॅट! अन् ही बाई तिच्या दिमतीला." पाहुणे म्हणत, वा.

जनकाबाई पाणी मारता मारता म्हणायची, "मशीनलाबी घाम येत न्हाई वाटतं. म्हणून आमाला बोलावलं."

तिला मी विचारलं, "तुम्ही का आलात परत?" ती म्हणाली, "वकीलसाहेबाकडची ताटी बंद झाली. तेबी मशीन बघायला येऊन गेले ना."

विशाखाला बसायला आता हौदामागच्या लिंबाखालची जागा होती. दुपारी सावली सरकायची आणि पोरगी सावलीबरोबर सरकायची. टोपरी दर थोड्या वेळानं भिजवावी लागे. रोहिणीच्या तोंडावर एक दिवस असा आला की लिंबाचं पानही हललं नाही. मी माजघराच्या खिडकीतून बघत होते. जनकाबाई ताटीवर डबा मारायची, धावत जाऊन पोरीवर डबा मारायची, परत ताटीकडे यायची. ताटी जरा कोरडी पडली की आत यंत्राचा सूर बदले आणि मामंजी झोपेतच हाक मारत, "जनके!"

मी बाहेर गेले आणि पोरीला उचलून माजघरात आणलं. उंबरा ओलांडला. दार लावलं. अवीच्या शेजारी सतरंजीवर निजवलं.

थोड्याच वेळात तिनं डोळे उघडले. हात फरशीवर फिरवला, अगदी आजीसारखा. मग अवीकडे बघून दोन दातांनी हसली. अवीनं तिला उशीखालचे चिंचोके दिले. तेव्हा पहिल्यांदाच दोघांच्यामध्ये खिडकी नव्हती.

मामंजी जागे झाले. त्यांनी पोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी वाट बघत होते की ते आता तेच बोलतील, उंबऱ्याचं. त्याला माझ्यापाशी उत्तर तयार होतं. बऱ्याच वर्षांपासून तयार होतं.

ते बोलले ते निराळंच. शांतपणे.

"सूनबाई, दार उघडलं होतं का?"

"हो. हिला आत आणलं."

"तुमीच सांगितलं होतं ना मला, दार उघडलं की गारवा जातो अन् मशीनला पुन्हा तेवढं खावं लागतं? आता ही पोरगी आत. तिची आजी दर घडीला बघायला येणार. दार उघड, दार लाव. बराबर हाय का न्हाई?"

"ती येणार नाही. मी बघेन हिच्याकडे."

"अन् हिला भाईर जायचं झालं तर? पाणी पाहिजे झालं तर? शिकलेल्या हायेत तुमी. हिशेब करा की."

माझे यजमान त्याच खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. पान उलटल्याचा आवाज आला.

मी म्हटलं, "मामंजी, पोर मरेल बाहेर."

"मरंल कशाला? इतकी वर्षं ऱ्हायली ना. मशीन आणली ती घरच्या लेकरासाठी. सगळ्या गावासाठी आणायची तर तशी मोठी आणावी लागंल, मग तुमीच म्हणाल, लई खाती."

त्यांनी जात काढली नाही. काढली असती तर मी भांडले असते. त्यांनी मी शिकवलेलं शास्त्र मला परत वाचून दाखवलं, आणि ते चूक नव्हतं. दार उघडलं की गारवा जातो, हे खरंच आहे. तेवढ्यात मागचं दार बोटभर उघडलं. जनकाबाई उंबऱ्याच्या बाहेर उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. दोन्ही हात पुढे केले.

"द्या वैनी. मशीनची भूक वाढती म्हन्तात तर द्या."

मी दिली नाही. पोरगीच उठली आणि गेली. चिंचोके मुठीत होते.

"दार लावून घ्या," जनकाबाई म्हणाली. "मालकाचा गारवा जाईल."

संध्याकाळपर्यंत तिनं ताटीवर पाणी मारलं, एकही डबा कमी नाही. मग ताटीच्या कडेचा मूठभर ओला वाळा उपसून नातीची टोपरी नव्यानं बांधली आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. माणूस पाठवला तर वस्तीतल्या तिच्या झोपडीच्या दाराला काटेरी फांदी लावलेली, आत कुणी नाही. मामंजी म्हणाले, "बघा, असं असतं ह्या लोकांचं. ऐन उन्हाळ्यात." त्या बोलण्यात मात्र शास्त्र नव्हतं.

ताटीवर पाणी मारायला दुसरी बाई मिळाली. बाजारातून कोंबून बांधलेली नवी ताटी आली. यंत्र चालतं. मी हे लिहिते आहे तेव्हाही भिंतीपलीकडे चालू आहे, आणि अवी आत चादर घेऊन झोपला आहे. लाइट गेली की तो आता किंचाळत उठतो. उघड्यावर त्याला झोप येत नाही.

जनकाबाई मला पुन्हा भेटली ती गेल्या आठवड्यात, डोंगरकडा या गावी. आतेसासूबाईंकडे गेले होते, त्यांनी केळीची बाग बघायला नेलं. बाहेर ऑक्टोबरचं ऊन, आणि बागेत शिरताच अंगावर ओला हिरवा गारवा. पाटाच्या पाण्यात कमरेइतकी बसून एक पोरगी केळीच्या खोडाच्या सोपट्याची होडी सोडत होती. डोक्यावर वाळ्याची टोपरी. मी धावतच गेले.

जनकाबाई खुरपं घेऊन उठली. वाळली होती. ताटी बांधणारे तिचे हात केळीच्या चिकानं काळे पडले होते. इथं मजुरी अर्धी, पण राहायला बागेतच जागा. पाणी सदा चालू.

"काय म्हन्ती मशीन?" तिनं विचारलं. "लई खाती का अजून?"

"तेवढंच खाते."

"अन् अवीबाबा?"

"बरा आहे."

विशाखा पाण्यातून उठून माझ्याजवळ आली. चालून मला घाम आला होता, तो गालावरून ओघळत होता. तिनं ओलं बोट माझ्या गालाला लावलं आणि बोटाकडे बघत राहिली. "आजी, बाईचं तोंड गळून राहिलं. हे पानी कुठून येतं?"

"आतून येतं," जनकाबाई म्हणाली. "ज्याला येतं त्याला त्याची किंमत न्हाई."

मी म्हटलं, इथं छान आहे, पोरगी सुधारली. खरंच सुधारली होती. जनकाबाईनं बागेकडे पाहिलं. घड उतरत आले होते. "हे पीक निघालं की बाग मोडणार. मालक म्हन्ला, त्याच खुंटांवर दोनदा खोडवा झाला, आता जमीन थकली. माघात नांगर घालतो, मग ऊस. पुढल्या उन्हाळ्यात हितं उभी सावली न्हाई."

"मग कुठं जाणार?"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिनं मागितलं काहीच नाही, पण मी काय म्हणते याची ती वाट बघत होती, हे मला कळत होतं. मी मनात आमचं सगळं घर फिरून आले. पुढं ओटा, त्यावर मामंजी. माजघर, त्याचं दार. मागं पडवी, तिन्ही कमानी, ती फरशी.

पडवीत जागा आहे. रिकामीच असते. पण उन्हाळ्यात तिथं आता माणूस बसू शकत नाही.

विशाखानं होडी पुन्हा पाटात सोडली होती आणि ती तिच्यामागं पाण्यातून चालत निघाली होती, केळीच्या सावलीतून, जिथवर सावली होती तिथवर.